कोऱ्या पानापुढे बसताना

जानेवारी उजाडला की घरोघरी डायऱ्या येऊन पडतात. एखादी औषधांच्या दुकानातून आलेली, एखादी विमा एजंटाने आणून दिलेली, एखादी मुलाच्या कार्यालयातून मिळालेली. पहिल्या तारखेचे पान सुवाच्य अक्षरांत भरते. त्यात बहुधा संकल्प असतात. तिसऱ्या तारखेला चार ओळी होतात. आठवडा सरता सरता पाने कोरी राहू लागतात आणि फेब्रुवारीत त्याच डायरीत दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख येऊन बसते. पुढे कुणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, “आमच्या आयुष्यात आता रोज घडते काय, की ते लिहावे?”

हा प्रश्न आपणही स्वतःला विचारला असेल. त्यामागे एक समजूत दडलेली आहे. रोजनिशी म्हणजे काहीतरी गहन, सुंदर, निदान नीटनेटके लिहिण्याची जागा, असे शाळेतील निबंधाच्या वहीने आपल्या मनावर बिंबवले आहे. वस्तुतः आपल्याकडे रोजनिशी हा शब्द मोठा व्यवहारी आहे. पेशव्यांच्या दप्तरातील रोजनिशी म्हणजे मनोगते नव्हेत. त्यात नेमणुका, हुकूम, इनामे आणि खर्च यांच्या नोंदी आहेत. तेव्हा दुधाचा हिशेब लिहून ज्यांची डायरी संपली, त्यांनी खजील होण्याचे कारण नाही. त्यांनी सुरुवात योग्य ठिकाणी केली होती, एवढेच की ती पुढे नेली नाही.

उतारवयात हिशेब ठेवण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे आपला देह. माझ्या एका मामांना सकाळी चक्कर येत असे. डॉक्टरांपुढे बसले की ते सांगत, “अधूनमधून येते.” अधूनमधून म्हणजे केव्हा, हे त्यांनाही सांगता येत नसे. मग मामींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंदी करावयास आरंभ केला : किती वाजता, बसले असता की उठताना, त्याआधी कोणती गोळी घेतली होती. तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर डॉक्टरांनी बसून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजला. उभे राहताच वरचा आकडा 20 पेक्षा अधिक उतरत होता. लघवीच्या तक्रारीसाठी चालू असलेल्या एका गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलली आणि चक्कर पुष्कळ कमी झाली. गोळीची वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने बदलू नये, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. मामींनी ती बदलली नाही, केवळ लिहिले.

अशी नोंद लहान असावी. रक्तदाब लिहावयाचा तर पाच मिनिटे शांत बसल्यावर मोजलेला लिहावा, आणि सोबत वेळ. हृदयाचे कार्य मंदावलेल्या रुग्णाने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे व तो आकडा लिहावा. दोन-तीन दिवसांतच वजन सुमारे 2 किलोने वाढले, तर शरीरात पाणी साठत असण्याची शक्यता असते आणि डॉक्टरांना त्वरित कळवावे लागते. मात्र आकड्यांनीच पान भरू लागले आणि दर तासाला यंत्र दंडाला गुंडाळण्याची सवय जडली, तर ती नोंद राहत नाही, चिंता होते. डॉक्टरांनी सांगितले असेल तितक्याच वेळा मोजावे, लिहावे आणि वही मिटावी.

मनाविषयी काय लिहावे, हा प्रश्न याहून नाजूक आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटे, आयुष्यातील एखाद्या आघाताविषयी लिहावयास सांगितले होते. ज्यांनी घटना आणि त्या वेळच्या भावना असे दोन्ही लिहिले, ते लिहून उठताना अधिक खिन्न होते. परंतु पुढील सहा महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रसंग कमी झाले. या प्रयोगाचे पुढे इतके गोडवे गायले गेले की लेखन म्हणजे जणू रामबाण औषध, असे वाटावे. ते तसे नाही. प्रयोगातील मंडळी तरुण आणि निरोगी होती, आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच आढळला. तरी त्यातील एक बारकावा आपल्या उपयोगाचा आहे. नुसते काय घडले ते लिहिणे पुरले नाही, नुसता शोक करणेही पुरले नाही. दोन्ही एकत्र यावे लागले. आणि ते चार दिवस चालले, चार वर्षे नव्हे.

हे शेवटचे मी मुद्दाम सांगते. दिवंगत सहचराविषयी, दुरावलेल्या मुलाविषयी रोज तेच, त्याच शब्दांत लिहिले जाऊ लागले, तर जखम वाहती राहते. मागील पंधरा दिवसांची पाने उलटून पाहावीत. वाक्ये जराही बदललेली नसतील, तर काही दिवस तो विषय बाजूला ठेवून अंगणातल्या तगरीविषयी लिहावे. झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, जगणे नकोसे झाल्याचे विचार उमटू लागले असतील, तर वहीवर विसंबू नये. डॉक्टरांशी बोलावे, घरात सांगावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

रात्री पडल्यावर उद्याच्या कामांची यादी डोक्यात फिरत असेल, तर उशाशी वही ठेवून ती यादी लिहून टाकावी. बेलर विद्यापीठात झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याची कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. तेही तरुणच होते. पण नऊ मिनिटांसाठी पेन्सिल झिजवण्यात तोटा काही नाही.

आता आठवणींकडे वळू. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडले आणि झाशीचा संहार डोळ्यांनी पाहून परतले. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो पाव शतक उलटल्यावर, स्मरणातून. छापला गेला 1907 मध्ये. आठवण उशिरा लिहिली म्हणून वाया जात नाही, याला याहून चांगला दाखला आपल्या भाषेत कोणता द्यावा? रॉबर्ट बटलर या वृद्धारोग्याच्या अभ्यासकाने 1963 मध्येच लिहून ठेवले की, म्हातारपणी मन मागे वळते ते भ्रमिष्टपणाचे लक्षण नव्हे. आपल्या आयुष्याची छाननी करण्याचे ते स्वाभाविक काम आहे. घरच्यांनी “झाले सुरू यांचे जुने पुराण” म्हणून उठून जाण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

परंतु ‘माझे बालपण’ असे शीर्षक घालून बसलात, तर लेखणी हमखास अडेल. विषय लहान घ्यावा. आपल्या घरातील चूल कोणत्या दिशेला होती? पहिला पगार हातात आला, त्यातले पैसे कुणाला दिले? माहेरच्या परसात कोणती झाडे होती आणि त्यांपैकी कोणते कुणी तोडले? अशा एका प्रश्नाला दहा ओळी पुरतात, आणि त्या दहा ओळी नातवंडांच्या उपयोगाच्या असतात.

ज्यांच्या वाट्याला शुश्रूषा आली आहे, त्यांच्याशी थोडे निराळे बोलावयाचे आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करताना सायंकाळी अस्वस्थता वाढते, आरडाओरडा होतो, घराबाहेर पडण्याचा हट्ट होतो. अशा प्रसंगी काय झाले याहून ‘त्याआधी काय झाले होते’ हे लिहिणे अधिक मोलाचे ठरते. दुपारची झोप झाली नव्हती का, शौचाला होऊन किती दिवस झाले, पाहुणे आले होते का, दूरदर्शन संच मोठ्याने चालू होता का? दोन आठवड्यांत काही धागा हाती लागतो. मात्र काही तासांत वा एक-दोन दिवसांत माणूस एकाएकी गोंधळला, ओळखेनासा झाला, तर नोंदी करीत बसू नये. संसर्ग, पाण्याची कमतरता, औषधाचा दुष्परिणाम यांपैकी काहीही असू शकते, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

माझ्या सासूबाई सात वर्षे अशा आजारात होत्या आणि माझे सासरे, निवृत्त शिक्षक, त्यांचे सगळे करीत. त्यांच्या दोन वह्या होत्या. एकीत जेवण, औषधे, झोप, स्नान. त्या वहीत मधूनच एखादी ओळ येई : ‘आज तिने मला नावाने हाक मारली.’ दुसरी वही कपाटात, कपड्यांच्या घडीखाली असे. सासूबाई गेल्यावर वर्षभराने ते स्वतः आजारी पडले, तेव्हा ती वही माझ्या हाती देऊन म्हणाले, “सूनबाई, ही न वाचता जाळा. त्यात मी तिच्यावर चिडलो आहे.” मी जाळली. परसातल्या बंबात घातली आणि पाने काळी होईपर्यंत तेथे उभी राहिले. आजही कधी कधी वाटते की, एखादे पान पाहावयास हवे होते. सात वर्षे त्या शांत माणसाने काय सोसले, हे आम्हा कुणालाच ठाऊक नाही. पण त्यांना ती वही लिहिता आली, कारण ती कुणी वाचणार नव्हते.

म्हणून ‘काय लिहू’ याच्याआधी ‘कोणासाठी लिहू’ हे ठरवावे. जे घरात कुणी वाचले तरी चालेल, ते एका वहीत. जे केवळ आपले, ते दुसरीत. आणि त्या दुसरीचे पुढे काय करावयाचे, हे विश्वासातल्या एका व्यक्तीला आजच सांगून ठेवावे. शुश्रूषा करणाऱ्याला संताप येतो, घृणा वाटते, ‘हे सारे लवकर संपू दे’ असेही एखाद्या रात्री वाटते. ते कागदावर उतरवल्याने आपण दुष्ट ठरत नाही. बँकेचे गुप्त क्रमांक आणि सांकेतिक शब्द मात्र दोहोंपैकी कोणत्याही वहीत लिहू नयेत, आणि घरच्यांनी उघडी सापडलेली वही मिटून जागेवर ठेवावी. वाचून मग “बाबा, तुम्ही असे का लिहिलेत?” म्हणून जाब विचारला, की म्हातारा माणूस पुन्हा लेखणी धरीत नाही.

हात कापत असेल, तर जाड पेन आणि ठळक रेघांची वही घ्यावी. दृष्टी अधू असेल, तर मोबाइलमध्ये बोलून ठेवावे किंवा कुणाला तरी सांगून लिहून घ्यावे. लिहून घेणाऱ्याने भाषा सुधारू नये. माझी मावशी हल्ली नातीला अशी रोज संध्याकाळी सांगत असते. परवा तिने खळ्यावरच्या धान्याची गोष्ट काढली आणि पहिल्याच वाक्यात नातीने विचारले, “आजी, पायली म्हणजे किती?” मावशीने शेर सांगितला, अधोली सांगितली, मग स्वयंपाकघरातून भांडी मागवली आणि तांदूळ मोजून दाखवू लागली. त्या दिवशी वहीत ते एकच वाक्य राहिले.