नानांचं मोठं काळीज

आमचे नाना, म्हणजे माझे थोरले काका, तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत घुमलेले. पंचविशीत तालीम सुटली आणि शेती मागे लागली. बासष्टाव्या वर्षी गुडघा दाखवायला ते माझ्याकडे आले, तेव्हा मी सहज रक्तदाब मोजला. १७० वर १०५! टूडी इको करून घेतला. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत १४ मिलिमीटर जाड. ती साधारण दहाच्या आसपास असायला हवी.

"नाना, हृदय जाड झालंय तुमचं," मी म्हटलं.

नाना खूश. "मग? पैलवानाचं काळीज आहे, पोरा. तालमीची कमाई ती!"

मी हसलो आणि गोळ्या लिहून दिल्या. समजावून काही सांगितलं नाही. ती चूक माझी. त्या दिवशी नानांना जे सांगायला हवं होतं, ते आज तुम्हांला सांगतो.

मेहनतीनं हृदय मोठं होतं, हे खरंच आहे. १८९९ साली स्वीडनमधल्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंची छाती बोटांनी ठोकून पाहिली आणि त्यांची हृदयं मोठी असल्याचं नोंदवलं. पण हृदय वाढतं म्हणजे नेमकं काय होतं?

कातडीवर जखम झाली, की नव्या पेशी तयार होऊन ती भरते. हृदयाच्या स्नायूपेशींना हे फारसं जमत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली याचा हिशेब मांडला. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला किरणोत्सारी कार्बन पेशींच्या डीएनएत किती उतरला, त्यावरून त्यांनी पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला शंभरात एक पेशी बदलते. पंचाहत्तरीत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणजे काम वाढलं तरी गडी जवळजवळ तेवढेच. मग प्रत्येक पेशी स्वतःच अंगानं भरते. पेशीच्या आत आकुंचन पावणारे प्रथिनांचे तंतू असतात. रक्तदाब वाढला, की नवे तंतू जुन्यांच्या शेजारी रचले जातात. पेशी जाड होते, भिंत जाड होते. एखादी झडप गळू लागली आणि दर ठोक्याला जास्त रक्त भरू लागलं, तर तंतू एकापुढे एक जोडले जातात. पेशी लांबते, कप्पा मोठा होतो. सुरुवातीला ही सोय चांगलीच असते, कारण जाड भिंतीत ताण वाटला जातो.

मग बिघडतं कुठे? तालमीतली मेहनत तास-दोन तासांची. नंतर हृदयाला विसावा मिळतो. पेशी वाढते तशा तिला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्याही वाढतात, आणि मेहनत सुटली की ही वाढ बरीचशी ओसरते. गरोदरपणातही हृदय वाढतं आणि बाळंतपणानंतर हळूहळू पूर्ववत होतं.

वाढलेल्या रक्तदाबाला मात्र सुट्टी नाही. दिवसाचे सुमारे एक लाख ठोके, आणि दर ठोक्याला चढ! पेशी जाड होत जाते, केशवाहिन्या मागे पडतात, प्राणवायू अपुरा पडू लागतो. गर्भात असताना चालू असलेली आणि जन्मानंतर शांत झालेली काही जनुकं पुन्हा जागी होतात. एरवी मुख्यतः चरबीवर चालणारी पेशी साखरेकडे वळू लागते. आकुंचनानंतर कॅल्शियम आवरायला तिला वेळ लागतो, म्हणून ती चटकन सैलावत नाही. काही पेशी मरतात आणि त्यांच्या जागी जखमेच्या वणासारखे चिवट धागे भरतात. भिंत ताठर होते, दम लागू लागतो. पुढे स्नायू थकला, की कप्पा पसरतो.

नानांनी चार महिने गोळ्या घेतल्या. "मला काही होतच नाही," म्हणून बंद केल्या. दोन वर्षांनी एका रात्री ते दम लागून उठून बसले. आडवं होता येईना. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, "नाना, तालीम सुटून एकोणचाळीस वर्षं झाली. तिथली कमाई केव्हाच उतरली. ही जाडी रक्तदाबाची."

नाना जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे आधी सांगायचंस की रे."

तेव्हापासून गोळी चुकलेली नाही, आणि पानातलं वरचं मीठ बंद झालं. वर्षानं भिंत १२ मिलिमीटरवर आली. ओझं उतरलं, की जाड झालेली पेशी पुन्हा बारीक होऊ शकते, ही मोठी दिलाशाची गोष्ट. पण एकदा भरलेले धागे सहसा पुरते जात नाहीत. नाना आजही जिना चढताना मध्ये एकदा थांबतात.

म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं रक्तदाब मोजून घ्यावा. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, एवढ्यावरून गोळी बंद करू नये. आणि आम्ही डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना दोन शब्द जास्त बोलावेत.