शहर पायी दाखवताना : छत्रपती संभाजीनगरातला अर्धा दिवस

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतोय ना? बरं.

आज आम्ही ज्या कामाबद्दल बोलणार आहोत, ते काम दिसायला अगदी साधं आहे. एखादं कुटुंब किंवा चार-सहा मित्रांचा गट येतो, बरोबर आमच्यापैकी एक जण जातो, आणि सगळे मिळून अर्धा दिवस पायी शहर बघतात. मोठ्या सामूहिक फेरीत पन्नास माणसं असतात आणि पुढच्या दहा जणांनाच काय ते ऐकू येतं. खासगी फेरीत तसं नसतं. आजोबांचे गुडघे दुखले की थांबता येतं. मुलाने विचारलेल्या प्रश्नासाठी ठरलेला रस्ता सोडून गल्लीत शिरता येतं.

आपल्याकडे पाहुणा येतो तो वेरूळ-अजिंठ्यासाठी. शहर म्हणजे त्याच्या लेखी हॉटेल, नाश्ता आणि गाडी. फार तर परतीच्या वाटेवर मकबऱ्यात अर्धा तास. आता अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे पुष्कळांना इथे आल्यावरच कळतं. त्यामुळे आमचा धंदा खरा चालतो तो सोमवारी-मंगळवारी. (हशा) हसू नका, खरं आहे ते.

आम्ही सुरुवात पाणचक्कीपासून करतो, कारण हे शहर पाण्यावर उभं राहिलं. 1610 च्या सुमाराला मलिक अंबरने खडकी हे गाव निवडून इथे राजधानी वसवली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारातून बाजारात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. खडकी नावाप्रमाणेच खडकाळ. मोठी नदी जवळ नाही. मग त्याने उत्तरेकडच्या डोंगरांतून, हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून नहर आणली. जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी वाटेने गोळा करायचं आणि नुसत्या उतारावर गावात आणायचं. मोट नाही, रहाट नाही. हीच नहर-ए-अंबरी.

इथे एक गोष्ट दुरुस्त करून घ्या. पाणचक्की मलिक अंबरने बांधली असं बरेच वाटाडे ठोकून देतात. अंबर वारला 1626 मध्ये. पाणचक्की आहे बाबा शाह मुसाफिर या मध्य आशियातून आलेल्या नक्षबंदी सूफींच्या दर्ग्याच्या आवारात. बाबा इथे आले औरंगजेबाच्या काळात, आणि हे पाण्याचं काम त्याही नंतरचं, अठराव्या शतकातलं. तिची नहरही वेगळी आहे.

ती चालते कशी, हे मात्र थांबून बघावं. डोंगरातलं पाणी खापराच्या बंद नळांतून येतं. उगम उंचावर असल्यामुळे त्या दाबाने ते इथल्या उंच भिंतीत वर चढतं आणि वरून हौदात पडतं. त्याच जोरावर खाली पाती फिरतात आणि वरच्या खोलीतलं दगडी जातं चालतं. त्या पिठावर दर्ग्यातले फकीर, प्रवासी आणि गरीब जेवायचे. समोरच्या मोठ्या हौदाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. उन्हाळ्यात तिथे उतरा, म्हणजे कूलरशिवाय गारवा कसा मिळवायचा ते अंगाला कळेल. पाहुणे बहुतेक वेळा धबधब्यासमोर फोटो काढून निघतात आणि हे दालन राहूनच जातं.

तिथून महमूद दरवाजा आणि मग भडकल गेट. 1612 मधला हा दरवाजा मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून अंबरने उभारला. पण त्याच्यासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, आणि 14 एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा भडकल गेट म्हणजे काय, असं विचारलं तर शहरातल्या निम्म्या माणसांच्या डोळ्यांसमोर मलिक अंबर येणारच नाही. वाटाड्याने दोन्ही सांगावं. एक सांगून दुसरं गाळणारा अर्धंच शहर दाखवतो.

'बावन्न दरवाजांचं शहर' म्हणतात, ते कुठे आहेत, हा प्रश्न हमखास येतो. औरंगजेबाने बांधलेल्या मुख्य तटाला दिल्ली, जालना, पैठण आणि मक्का हे चार मोठे दरवाजे होते, आणि बाकीचे लहान. बावन्नचा आकडा पुरांच्या वेगळ्या वेशी धरून होतो. बरेच दरवाजे गेले, काही रस्तारुंदीत, काही नुसतेच ढासळले. अलीकडे स्मार्ट सिटीच्या कामात काहींची डागडुजी झाली.

पुरं हा तर आमचा आवडता भाग. पदमपुऱ्यात राहणाऱ्याला पदम कोण ते ठाऊक नसतं. पदमसिंह हा बिकानेरचा राजपुत्र, त्याचे वडील राजा करणसिंह, त्यांचं करणपुरा. नवरात्रात जिथे देवीची जत्रा भरते तेच. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंहांचा, जसवंतपुरा मारवाडच्या जसवंतसिंहांचा. मोगलांचे राजपूत सरदार दक्षिणेत फौजा घेऊन आले, तळ पडले, तळांची वस्ती झाली. पुस्तक न उघडता रिक्षाच्या पाट्यांवरून मोगलांच्या सैन्याची यादी वाचता येते, असं शहर दुसरं कुठे असेल तर सांगा.

मग अवघड प्रश्न. फेरीत शहराला काय म्हणायचं? खडकी, मग अंबरच्या मुलाच्या, फतेहखानाच्या नावावरून फतेहनगर, 1653 नंतर औरंगाबाद, आणि 2023 पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. एकाच गटात एक काका 'संभाजीनगर'शिवाय दुसरं तोंडातून काढत नाहीत, आणि त्यांच्याच बहिणीला जुनं नाव सुटत नाही. आम्ही ज्या काळाची गोष्ट चालली असेल त्या काळातलं नाव घेतो. 1612 मध्ये उभे असाल तर खडकी, आज चहा पीत असाल तर संभाजीनगर. याने वाद मिटतो असं नाही, पण पुढच्या कमानीपर्यंत चालता येतं.

बीबीच्या मकबऱ्याला गाडीने जावं लागतं, म्हणून थोडक्यात. 'गरिबांचा ताज' म्हटलं की वाटाड्याचं काम संपतं, आणि तिथेच आमचं भांडण आहे. संगमरवर भिंतीवर कमरेच्या वर जिथे थांबतो, ती रेघ शोधा. तिच्यावर दगड आणि चुन्याचा गिलावा, पुन्हा घुमटाला संगमरवर. गिलाव्यावरची नक्षी हाच इथला खरा ऐवज. प्रवेशद्वारावर अताउल्ला या वास्तुकाराचं आणि हंसपत राय या अभियंत्याचं नाव कोरलेलं आहे. इतके लोक त्या दारातून जातात आणि एकही नाव वाचत नाहीत.

आता ज्या फेरीने आमचीच भाषा बदलली, ती सांगतो. एक कुटुंब आलं होतं, तीन पिढ्यांचं, बरोबर ऐंशीच्या पुढच्या आजी. सिटी चौकातून गुलमंडी, तिथून राजाबाजारात संस्थान गणपतीचं दर्शन. आम्ही नेहमीप्रमाणे बोलत होतो की नहर निजामाच्या अमलातच कोरडी पडली. आजी म्हणाल्या, "थांब रे बाळा. आमच्या वाड्यात हौद होता. त्यात नहरीचं पाणी यायचं. मी स्वतः भरलंय." साल विचारलं तर लग्नाच्या आधीचं, म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतरचं. वाड्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. आजींनी दुकानात शिरून काउंटरमागे बोट दाखवलं, हौद इथे. दुकानदाराने मुकाट्याने स्टूल दिलं.

आम्ही चुकीचं सांगत होतो, तेही वर्षानुवर्षं. आणि हे सगळं अशा गावात, जिथे आज जायकवाडीचं पाणी काही दिवसांआड नळाला येतं आणि लोक टँकरची वाट बघतात. त्या दिवसापासून नहरीचं बोलणं आम्ही राजाबाजारात करतो आणि आधी विचारतो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी हौद होता का? दर दोन-चार फेऱ्यांनंतर एक हात वर होतो. ते आम्ही वहीत लिहून ठेवतो, गल्ली आणि अंदाजे साल. नहरीच्या खुणा रस्ते आणि बोअरवेल यांच्यात रोज पुसल्या जाताहेत, त्यामुळे घाई आहे.

व्यवहाराचं थोडं. वाटाडा घेताना पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ते लागतंच. अर्धा दिवस की पूर्ण, किती तास, भाषा कोणती, हे पैशांसकट आधी बोलून घ्या. आणि एक प्रश्न सरळ विचारा, "वाटेत दुकान आहे का?" हिमरू आणि पैठणी बघण्यासारख्याच आहेत. सुती ताण्यावर रेशमी नक्षी चढताना मागावर बघणं ही मौज आहे. पण कित्येकदा फेरीचा चौथा हिस्सा दुकानात जातो, कारण तिथे वाटाड्याला कमिशन असतं. दुकानाचा वेळ फेरीतून वेगळा ठरवला की दोघांचाही संकोच जातो. वाटाड्याला मेहनतीचे पैसे नीट मिळाले तर त्याला दुकानाकडे बघावं लागत नाही, हेही तितकंच खरं.

हं, प्रश्न आलाय : चालावं किती लागतं? पाणचक्की ते पैठण गेट, गल्ल्या धरून चारेक किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघालात तर उन्हाच्या आत होतं. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा. आणि आजी-आजोबांना हॉटेलवर ठेवून येऊ नका, रिक्षा करा पण बरोबर आणा.