कल्हई

कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक ठेवले, तर ते कळकते. पोटात गेल्यास विषबाधाही होऊ शकते. म्हणूनच बारामती-इंदापूरकडील खेड्यांत पूर्वी कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. झाडाखाली खड्डा खणून तो भट्टी पेटवी व भात्याने निखारे फुलवी. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड पडताच नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठे आणि धातूवरील मळ सुटे. लगेच तो कथील लावी. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला १०८५ अंश लागतात. त्यामुळे भांडे शाबूत राहून कथील कापसाच्या बोळ्याने आत सर्वत्र पसरविता येते. खरे कसब येथेच! भांडे कमी तापले तर कथील धरत नाही, अधिक तापले तर काळवंडते. उष्णतामापक जवळ नसे. हा ताव कारागीर नजरेनेच ओळखी. शेवटी रुपेरी झालेले भांडे पाण्यात बुडे, तेव्हा चर्र असा आवाज होई.