चहापाण्याचे पैसे

हॉटेलात जेवण आटोपते, बडीशेपेच्या बशीतून बिल येते आणि चारचौघांत हिशेबी म्हणवणाऱ्या गृहस्थाचीही घालमेल सुरू होते. बशीत किती ठेवावे?

मला गंमत वाटते ती या पैशांच्या नावांची. आपण त्यांना 'चहापाणी' म्हणतो. रशियातही ते 'चहासाठी'च देतात. फ्रेंचांचा 'पूरब्वार' आणि जर्मनांचे 'ट्रिंकगेल्ड' हेही पिण्याचेच पैसे. काय प्यायचे, ते ज्याचे त्याने पाहावे!

जपानात मात्र टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर गिऱ्हाईक विसरले असे समजून वेटर मागे धावत येईल.

अमेरिकेत गेले, की ही गंमत संपते. तिथे टिप ही खुशी नव्हे, पगारच आहे. टिप मिळवणाऱ्या नोकराला मालकाने पदरचे निदान २.१३ डॉलर तासाला द्यावेत, असा केंद्राचा कायदा. १९९१ पासून त्यात एका सेंटाची वाढ नाही. इतरांची किमान मजुरी ७.२५ डॉलर. मधली तूट टिपेतून भरून निघावी. न निघाल्यास मालकाने भरावी. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत मालकांना दिलेली नाही, हे त्यांचे शहाणपण.

वास्तविक ही रीत युरोपातून आलेली. पुष्कळ अमेरिकनांना ती सरंजामी वाटे. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने तिच्यावर चक्क बंदी घातली होती! पण मालकांना ती फार सोयीची. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनडब्यांत गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय नोकर तुटपुंज्या पगारावर नेमले. बाकीचे उतारूंनी द्यावे! हे उतारू त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाका मारीत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. आपले खरे नावही त्या बिचाऱ्यांच्या वाट्याला नव्हते. १९२५ साली त्यांनी संघटना उभारली, फिलिप रँडॉल्फ तिचे पुढारी झाले आणि १९३७ साली कंपनीला करार करावा लागला.

टिप नोकराच्या हाती पडते का, हा आणखी निराळा प्रश्न. ब्रिटनमध्ये मालकांनी ती गिळू नये म्हणून कायदाच करावा लागला. तो ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. आपल्याकडे २०२२ साली ग्राहक प्राधिकरणाने हॉटेलांना बजावले, की सेवाशुल्क परस्पर बिलात घालू नका. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच म्हटले. तेव्हा बशीचा प्रश्न पुन्हा आपल्याकडेच आला.

मी तरी पैसे बशीत ठेवीत नाही. वेटरला बोलावतो, त्याचे नाव-गाव विचारतो आणि हातात देतो. आमच्या सौभाग्यवती तोवर दारात उभ्या राहून रिक्षा थांबवतात.