जर्मनीत ज्यूंचा छळ कसा सुरू झाला

आपल्या कोकणात पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे काही लोक होते. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हे लोक ज्यू, म्हणजेच यहुदी. शेजाऱ्यांत मिळून मिसळून ते पिढ्यान् पिढ्या राहिले.

युरोपातल्या ज्यूंची कथा निराळी. येशू ख्रिस्ताला यांनीच मारले, असा ठपका तिथे शेकडो वर्षे त्यांच्यावर होता. पुष्कळ ठिकाणी त्यांना जमीन घेऊ देत नसत. कारागिरांच्या संघात घेत नसत. मग काही जण व्यापारात आणि सावकारीत शिरले. तर त्याचाही राग! बाकीचे धंदे बंद करायचे, आणि उरलेला केला म्हणून बोल लावायचा.

१९१८ साली जर्मनी पहिले महायुद्ध हरला. हरल्याचे खापर ज्यूंवर फोडले गेले. खरे पाहता जर्मनीसाठी लढताना सुमारे १२ हजार ज्यू शिपाई मेले होते. पण ऐकतो कोण? १९२३ साली पैशाला मोल उरले नाही. १९२९ नंतर मंदी आली, लाखो माणसे बेकार झाली. तेव्हा ॲडॉल्फ हिटलरचा नाझी पक्ष सांगत सुटला, की तुमच्या हालांना ज्यूच कारण आहेत. देशात ज्यू होते किती? शंभरात एकसुद्धा नाही.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांपुढे पक्षाची गणवेशातली माणसे उभी राहिली. इथे माल घेऊ नका, म्हणू लागली. काही गिऱ्हाइके तरीही आत गेली. मग आठवड्याच्या आत कायदा आला, आणि बहुतेक ज्यूंची सरकारी नोकरी गेली.

१९३५ साली न्युरेंबर्ग शहरी आणखी कायदे झाले. ज्यूंचे नागरिकत्व गेले. ज्यू आणि इतर जर्मन यांच्या लग्नांना बंदी आली. पण ज्यू कोण, हे ठरवायचे कसे? तोंडावरून तर ओळखू येईना! तेव्हा आजा-आजींचा धर्म पाहिला. चौघांपैकी तिघे ज्यू, की नातू ज्यू. मग तो स्वतः ख्रिस्ती का असेना. त्यासाठी चर्चच्या जुन्या वह्या उकरल्या. यात मारहाण नव्हती. कारकून लिहीत होता, शिक्का मारत होता. म्हणून पुष्कळ शेजाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. आम्हांला तर हेच सर्वांत भयंकर वाटते.

मारहाणही आलीच. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री ज्यूंची शेकडो प्रार्थनामंदिरे जाळली. बंबवाले आले ते शेजारची घरे वाचवायला. सुमारे ३० हजार पुरुष छावण्यांत कोंडले. नासधूस झाली ज्यूंची, आणि १०० कोटी मार्क दंडही ज्यूंनाच!

निम्म्याहून अधिक ज्यू देश सोडून गेले. त्यांतले काही डॉक्टर मुंबईला आले. पण बहुतेक देशांनी थोड्यांनाच आत घेतले. १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. १९४१ साली नाझींनी बाहेर जाण्याची वाटच बंद केली. त्याच वर्षी सरसकट कत्तली सुरू झाल्या. १९४५ पर्यंत युरोपातले सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले.