लांबचे भिंग जवळ आले की अडखळते का?

श्रीगोंदा तालुका लिंबांच्या बागांसाठी ओळखला जातो. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे. ते १९८० साली स्थापन झाले. समजा, एका शाळेचे विद्यार्थी ७० ते ३०० मिलिमीटरचे टेलिफोटो झूम भिंग घेऊन रेहेकुरीला गेले. दूर गवतात उभ्या असलेल्या काळविटाचे छायाचित्र उत्तम आले. शिंगांवरची वळीही मोजता आली. दुसऱ्या दिवशी तेच भिंग घेऊन ते लिंबाच्या बागेत गेले आणि दीड मीटरवरून एका डागाळलेल्या पानाचे छायाचित्र घेतले. ते मात्र धूसर आले. कॅमेरा तोच, हातही तेच. मग बिघडले काय?

प्रश्न केवळ हौसेचा नाही. लिंबाच्या पानावरचा डाग खैऱ्या रोगाचा असेल तर त्यावर खडबडीत उंचवटा आणि भोवती पिवळसर कडे दिसते. नागअळीने पान पोखरले असेल तर नागमोडी चंदेरी रेघ दिसते. शिवाय नागअळीच्या जखमांतून खैऱ्याचे जीवाणू पानात शिरतात, म्हणजे दोन्ही खुणा एकाच पानावर असू शकतात. छायाचित्र धूसर असेल तर कडे, उंचवटा, रेघ काहीच कळणार नाही आणि ते पाहून सल्ला देणाऱ्याला अंदाजच बांधावा लागेल.

भिंग किती सरकावे लागते?

बहिर्वक्र भिंगाचे सूत्र आपण शिकवतोच. चिन्हसंकेत क्षणभर बाजूला ठेवून सगळी अंतरे धन मानली, तर वस्तू-अंतराचा व्यस्त आणि प्रतिमा-अंतराचा व्यस्त यांची बेरीज नाभीय अंतराच्या व्यस्ताइतकी असते. ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचे एक साधे भिंग घेऊन हिशेब करू.

वस्तू ३० मीटरवर असताना प्रतिमा भिंगामागे ३०३ मिलिमीटरवर पडते. वस्तू १५ मीटरवर आली तर ३०६ मिलिमीटरवर. वस्तू १५ मीटर जवळ आली, पण भिंग जेमतेम ३ मिलिमीटर सरकवावे लागले. आता वस्तू ३ मीटरवर आणू. प्रतिमा ३३३ मिलिमीटरवर जाते. दीड मीटरवर आणली की ३७५ मिलिमीटरवर! या शेवटच्या दीड मीटरसाठी भिंग तब्बल ४२ मिलिमीटर पुढे न्यावे लागते.

भिंगाच्या नळीत सरकायला जागा मर्यादित असते. ती संपली की भिंग त्याहून जवळचे पाहू शकत नाही. यालाच त्या भिंगाचे किमान अंतर म्हणतात. ते भिंगाच्या तोंडापासून नव्हे, तर फिल्म किंवा संवेदक जेथे असतो त्या प्रतलापासून मोजतात. पुष्कळ कॅमेऱ्यांवर त्या जागी वर्तुळातून आरपार गेलेल्या रेघेची खूण असते. पान या अंतराच्या आत असेल तर कितीही खटपट केली तरी प्रतिमा रेखीव येणार नाही. तेव्हा पहिला उपाय सोपा आहे: एक पाऊल मागे या.

खरे टेलिफोटो झूम भिंग एका काचेचे नसते. पुढे प्रकाश एकत्र आणणारा गट आणि मागे तो थोडा फाकवणारा गट, अशी त्याची रचना असते. त्यामुळे नळी नाभीय अंतरापेक्षा आखूड ठेवता येते. आजच्या अनेक भिंगांत सगळी नळी पुढे न सरकता आतला एखादाच गट हलतो. तो हलला की भिंगाचे नाभीय अंतरही बदलते, आणि बहुधा कमी होते. म्हणून नळीवर लिहिलेला ३०० हा आकडा दूरच्या वस्तूसाठी खरा असतो. जवळच्या वस्तूसाठी तेच भिंग त्याहून आखूड भिंगासारखे वागू शकते.

रेखीव पट्टा केवढा?

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. आपल्या साध्या भिंगाने दीड मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा मूळ वस्तूच्या पाव पट येते (३७५ भागिले १५००). अचूक अंतराच्या थोडे पुढे-मागे असलेले भागही डोळ्याला रेखीव वाटतात. या पट्ट्याची खोली छिद्राच्या आकारावर आणि प्रतिमा किती पट आहे यावर ठरते. फिल्मवर ०.०३ मिलिमीटरपर्यंतची धूसरता चालेल असे मानले, तर पाव पट प्रतिमेला छिद्र ५.६ असताना हा पट्टा सुमारे ७ मिलिमीटरचा, ११ असताना सुमारे १३ मिलिमीटरचा असतो. छिद्राचा आकडा वाढतो तेव्हा छिद्र लहान होते, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे.

लिंबाचे पान सहज पाच-सहा सेंटिमीटर लांब असते. ते तिरपे धरले तर देठ रेखीव येईल आणि टोक पुसट होईल. मात्र पानाचा पृष्ठभाग फिल्मच्या प्रतलाला समांतर ठेवला, तर सगळे पान ७ मिलिमीटरच्या पट्ट्यातही मावते. लिंबावर अंडी घालायला येणारे फुलपाखरू पंख मिटून बसले असेल, तर त्याच्या बरोबर बाजूला उभे राहावे, ते याचसाठी. महागड्या भिंगापेक्षा उभे राहण्याची जागा अधिक काम करते.

छिद्र हवे तितके लहान करून भागत नाही. प्रकाश कमी होतो, झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते आणि वाऱ्याने पान हलते. फारच लहान छिद्रात विवर्तनामुळे सगळेच चित्र किंचित मऊ पडते. ११ ते १६ च्या दरम्यान थांबणे बरे.

हात, वारा आणि झूम

हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी एक जुना ठोकताळा आहे: ३०० मिलिमीटरच्या भिंगाला झडपेचा वेळ १/३०० सेकंदापेक्षा जास्त नको. दूरच्या वस्तूला तो पुरतो. जवळ मात्र केवळ कॅमेऱ्याचे डुलणे नव्हे, आपले पुढे-मागे झुकणेही महत्त्वाचे ठरते. उभा माणूस नकळत सेंटिमीटरभर झुकतो; आपला पट्टा ७ मिलिमीटरचा! भिंगातली कंपरोधक सोय डुलणे आवरते, झुकणे नाही. म्हणून तिपाई वापरावी, नाहीतर जमिनीवर बसून कोपर गुडघ्यावर टेकवावे. सकाळी वारा पडलेला असताना काम करावे.

झूम फिरवल्यावर पुष्कळ भिंगांची जुळणी ढळते. म्हणून आधी झूम ठरवावे, मग जुळणी करावी. स्वयंचलित जुळणी मागच्या फांदीवर जाऊन बसत असेल तर ती बंद करावी. भिंग हव्या अंतरावर जुळवून ठेवावे आणि कॅमेराच हळूहळू पुढे-मागे न्यावा. डाग रेखीव दिसला की झडप दाबावी.

यापेक्षा मोठी प्रतिमा हवी असेल तर दोन मार्ग आहेत. भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ कडे बसवता येते. आपल्या साध्या भिंगाला २५ मिलिमीटरचे कडे लावले की प्रतिमा-अंतर ४०० होते, वस्तू १.२ मीटरवर आणता येते आणि प्रतिमा पाव पटीवरून एक तृतीयांश पट होते. किंवा भिंगापुढे २ डायॉप्टरचे, म्हणजे ५०० मिलिमीटर नाभीय अंतराचे, जोडभिंग लावावे. मुख्य भिंग अनंतावर ठेवले तरी अर्ध्या मीटरवरचे पान रेखीव दिसते, आणि प्रतिमा ३०० भागिले ५००, म्हणजे ०.६ पट येते. अर्थात पट्टाही आक्रसतो: छिद्र ११ असतानाही तो जेमतेम ३ मिलिमीटर उरतो.

वर्गात करून पाहा

यासाठी कॅमेरा लागत नाही. १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग, मेणबत्ती, पांढरा कागद आणि मोजपट्टी पुरे. मेणबत्ती भिंगापासून १००, ५०, ३०, २० आणि १५ सेंटिमीटरवर ठेवा. ज्योतीची प्रतिमा अनुक्रमे सुमारे ११, १२.५, १५, २० आणि ३० सेंटिमीटरवर मिळेल. या आकड्यांचा आलेख काढा. मेणबत्ती दूर असताना तो जवळजवळ सपाट असतो आणि जवळ येताच उभा चढतो. श्रीगोंद्याच्या बागेतली सगळी अडचण त्या चढात आहे. मग भिंगापुढे एक सेंटिमीटर भोकाचा पुठ्ठा धरा. प्रतिमा मंद होईल, पण कागद थोडा पुढे-मागे केला तरी ती रेखीव राहील.

शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा. आपल्या डोळ्यात भिंग आणि दृष्टिपटल यांतले अंतर बदलत नाही. मग क्षितिजावरचा डोंगर आणि हातातले पान, दोन्ही स्पष्ट कसे दिसतात? डोळा भिंग सरकवत नाही, ते फुगवतो. चाळिशीनंतर ते नीट फुगेनासे होते आणि वर्तमानपत्र लांब धरावे लागते. घरातले आजोबा पेपर हातभर लांब धरतात तेव्हा तेही किमान अंतराबाहेर एक पाऊल मागेच जात असतात.