शारदेला कोणी विचारले?

दहावीची परीक्षा आटोपली की आपल्या घरांतील मुलांच्या हाती सहसा दोन प्रकारची पुस्तके येतात : पुढील प्रवेश परीक्षेची आणि यशस्वी उद्योजकांच्या चरित्रांची. कादंबरी किंवा नाटक हाती दिसले, की ‘यातून काय मिळते?’ असा प्रश्न हमखास होतो. व्यापारी घरात हा प्रश्न स्वाभाविकच आहे. अकोल्यात वाणिज्य शाखेच्या अकरावीत शिकणारी आणि सुटीत अमरावतीच्या आजोळी कपाटे धुंडाळणारी एक वाचक या नात्याने मला त्याचे उत्तर द्यावेसे वाटते.

आरंभ ‘संगीत शारदा’पासून करते. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. सधन वृद्ध भुजंगनाथाला वधू हवी आहे, कांचनभटाला पैसा हवा आहे आणि मध्यस्थीला भद्रेश्वर दीक्षित तत्पर आहे. घेणारा, देणारा आणि दलाल असे तिघे मिळून सौदा ठरवतात. शारदेला मात्र कोणी विचारत नाही. या नाटकातील पदांचे कौतुक घरोघरी ऐकू येते. मला मात्र त्याचा शेवट अधिक अस्वस्थ करतो. ऐन विवाहाच्या वेळी वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते आणि लग्न मोडते. आपल्या भाषेत सांगायचे तर व्यवहार अन्यायाचा होता म्हणून रद्द झाला नाही, दस्तऐवजात दोष निघाला म्हणून रद्द झाला. गोत्रे निराळी असती तर? हा प्रश्न नाटक संपल्यावरही वाचकाच्या मनातून जात नाही, आणि मला वाटते, नाटकाचे खरे बळ त्यातच आहे.

पुढे १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला. त्याला ‘सारडा कायदा’ म्हणतात ते हरबिलास सारडा यांच्या नावावरून. नाटकातील शारदेशी त्या नावाचा संबंध नाही. कायद्याने वयाची अट घातली. मुलीला तिचे मत विचारण्याची सवय मात्र घरानेच लावून घ्यावी लागते.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. गडकऱ्यांनी अखेरचा श्वास आपल्या विदर्भातच, सावनेर येथे घेतला. मद्याने सुधाकराचा संसार कसा धुळीस मिळतो, हे वाचताना अंगावर काटा येतो. परंतु माहेरची मदत न घेता दळण दळणारी, आणि मरतानाही पतीचा अपराध झाकणारी सिंधू मला आदर्श वाटत नाही. तिच्याविषयी करुणा वाटते, आणि तिच्या मौनाला थोरवी देणाऱ्यांचा रागही येतो.

सिंधूच्या शेजारी मी कौतिकला बसवते. अमरावती जिल्ह्याचे उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. कौतिकचा नवरा महादेवही संसाराचा भार पेलू शकत नाही. पण कौतिक गप्प राहत नाही. ती बोलते, भांडते, मजुरीला जाते, मुलाने शिकावे म्हणून झिजते. तिला यश येत नाही, तरी निर्णय तिचे असतात. शिवाय ती आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलते. जी बोली चारचौघांत बोलताना आपण संकोचतो, तीच इतक्या मोठ्या कादंबरीत मानाने नांदताना पाहून मन भरून आले.

माझ्या वयाच्या मुलांना सर्वांत जवळची वाटते ती मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. आणीबाणीच्या काळातील, नववीतला मुकुंद स्वतःच ही कथा सांगतो. तो उपदेश करीत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. उणीव एकच वाटते : शिरोडकर ही मुलगी आपल्याला केवळ त्याच्या नजरेतून दिसते. तिच्या मनात काय चालले होते, हे तिच्या तोंडून ऐकायला मिळाले असते तर!

तर यातून काय मिळते? खतावणीत ज्याचे खातेच नसते, त्या माणसाचे मन कळते. आमच्या घरांत मुलींना आज कोणी वृद्धाच्या गळ्यात बांधत नाही, हे खरे. तथापि स्थळ, देणेघेणे, तारीख असे सगळे ठरत आल्यावर ‘तुला पसंत आहे ना?’ असे विचारले, तर ते विचारणे नव्हे, कळवणे होय. पुढील शिक्षणाच्या बाबतीतही पुष्कळदा असेच घडते.

वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती, की चरित्रांच्या जोडीला एखादे नाटकही मुलांच्या हाती द्यावे, आणि ते स्वतःही वाचावे. मग रात्रीच्या गप्पांत शारदेचा विषय काढावा. तिच्याविषयी बोलता बोलता घरातील मुलगी कदाचित स्वतःविषयीही बोलू लागेल.